पाण्याबाहेर आलेले दगड

बा, तू गेलास तेव्हा मी सात वर्षांचा होतो, त्यामुळं तुझ्याशी नीट बोलणं असं कधी झालंच नाही. आता बोलतो. तुझा दगड बुडाला. आपल्या ठाकरवाडीतल्या गेलेल्या सगळ्यांच्या नावानं बसवलेले दगड मुळा नदीच्या काठी होते, घराकडं तोंड करून, दरसाल शेंदूर लावलेले. धरण बांधायला लागले तेव्हा साहेबांची माणसं वर टेकाडाला चुना मारून गेली, पाणी इथवर येईल म्हणाली. म्हातारे हसले. नदी कितीही पिसाळली तरी मोठ्या आंब्याच्या वर चढत नाही, हे त्यांना आज्यापणज्यापासून ठाऊक. म्हणून एकेकाचं नाव घेऊन, "चला, उठा आता," म्हणत त्यांनी दगड हलवले आणि आंब्यापाशी नेऊन बसवले. तुझा चुलत्यानं उचलला. "जिता हुता तवा येवढा जड नव्हता रं तुजा बा," असं म्हणून तो मलाच हसवत होता.

पाणी आंब्याच्या शेंड्यावरून गेलं.

आता आम्ही पारनेरकडच्या माळावर आहोत. तिथं लाकूड तोडलं की फॉरेस्टवाला हाकलतो, आणि कसायचं म्हटलं तर जमीन दुसऱ्याची. मी एका जागी टिकत नाही. सध्या सुप्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला खडी फोडतो. तिथं राहुरीला शेतकी शिकणारा एक पोरगा भेटला, पायात असले बूट की मी आधी बराच वेळ बूटच बघत बसलो. आपली हकीकत ऐकून तो म्हणाला, "जगात लई ठिकाणी झालंय असं. अमेरिकेत, कुठं कुठं. तुमच्यासारखेच मूळचे लोक, त्यांच्याबी जमिनी धरणात गेल्या." मी विचारलं, "मग त्यांनी आपली मेलेली माणसं कुठं नेली?" त्याला ठाऊक नव्हतं. बिचाऱ्यानं मला विडी दिली. एवढी माणसं आपल्यासारखी आहेत, हे ऐकून मला धीर यायला हवा होता. नाही आला.

पाऊस नाही, म्हणून धरण आटलं आणि आंब्याचं काळं खोड वर आलं. आईनं शेंदराची पुडी देऊन मला धाडलं, सोबत आत्या. दगड सगळे गाळात आडवे, शेंदूर धुऊन गेलेला, एकासारखा एक.

"ह्यो आसंल," आत्या म्हणाली.

"कशावरनं?"

"मग त्यो. लाव की कुन्लाबी, समदे आपलेच हाईत."

"आन् बा तसाच ऱ्हायला तर?"

आत्या पदरानं एकेका दगडाचा चिखल पुसत राहिली. मी तिथंच उकिडवा बसून होतो, उन्हं कलेपर्यंत. शेंदूर कुणालाच लावला नाही.

हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. आईला मी सांगितलंय, बा सापडला. तिला आता धड दिसत नाही. रोज विचारते, तोंड कुनीकडं केलंस त्यांचं? मी म्हणतो, आपल्या घराकडं.