झोप झाली काय?

प्रिय सूरजअण्णा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "सगळं बरं हाय" म्हणतोस आणि आईची, म्हशीची, शेजारच्या पारूच्या पोरांची चौकशी करून मोकळा होतोस. म्हणून हे लिहायला बसले. उद्या जोयड्याला गेले की रेंज मिळेल, तेव्हा कागदाचा फोटो काढून पाठवीन. अक्षराला हसू नकोस आणि शेवटपर्यंत वाच.

इकडे गोठ्यासाठी पाला तोडायचं काम सुरू झालंय. यंदाही पुढारीपण नंदिगड्ड्याच्या झिलूमामांकडेच. झाडाखाली सगळ्यांना उभं करतात आणि कोयता हातात देण्याआधी एकेकाला विचारतात, "झोप झाली काय?" जो "न्हाई" म्हणेल त्यानं त्या दिवशी झाडावर चढायचं नाही, खाली भारे बांधायचे. त्याला कुणी चिडवत नाही. आठवतं? जत्रेहून आलेला तू एकदा खोटंच "व्हय" म्हणालास, तर मामांनी तुझे डोळे बघून कोयता काढून घेतला. दिवसभर फुगून बसला होतास! काल बाबांनीही "न्हाई" म्हटलं आणि मुकाट्याने भारे बांधले. त्यांना झोप का लागत नाही, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझा जोडीदार वासू जहाजाच्या शिडीवरून पडला. पाय मोडला म्हणून त्याला बंदरात उतरवलं आणि त्याची पाळीही तुझ्याच गळ्यात पडली. मागच्या फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की डेकवर उभ्या-उभ्या डोळा लागला आणि जाग आली तेव्हा कठड्यावरून निम्मा बाहेर वाकला होतास. तुला हसू आलं, अण्णा. मला तेव्हापासून घास गिळवत नाही. करार संपत आलाय, तरी आणखी राहशील का असं कॅप्टननं विचारल्यावर तू "व्हय" म्हणालास. झोप झाली का, असं तिथं कुणी विचारत नाही. विचारलं तरी तू खरं सांगणार नाहीस, कारण शिमग्यानंतरचं माझं लग्न तुला थाटात करायचंय.

तर ऐक. ते लग्न मी पुढे ढकललंय. तुझ्या होणाऱ्या भावोजींना, नागेशना, मी स्वतः सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अण्णा येऊ देत, मग बघू." मांडव दारातच घालू, जेवायला वाडीतली माणसं पुरेत. तेव्हा आता तिथं थांबायला तुझ्याकडे माझं निमित्त उरलेलं नाही. रागावशील, माहीत आहे. रागवायचं तर घरी येऊन रागाव. पण हे वाचलंस की आधी कॅप्टनकडे जा आणि झिलूमामांना सांगायला हवं होतंस ते त्याला सांग, की झोप झाली नाही, मला घरी जायचंय. मांडवात नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ लागतो, आणि मला तू एकच आहेस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच यमी