तिसऱ्या पाटीची मोजणी

धाराशिव,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय अल्ताफ,

अस्सलामु अलैकुम. मी बरी आहे. तुझ्या रुबिनाचा खोकला थांबला का? तू दिवाळीच्या सीझनमध्ये फोन उचलत नाहीस आणि घरातला फोन अम्मीच्या उशाशी असतो, म्हणून पत्र.

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर आकाशातले कण मोजणाऱ्या चारही पाट्या लागल्या. त्यातल्या दोन, मिलादच्या सुट्टीत तू काळ्या कागदात गुंडाळून दिल्यास त्याच. आत उजेडाचा कणही जायला नको, आणि कागद इतका घट्ट वळणारा हात फटाके करणाऱ्या आपल्या तेरखेड्याबाहेर मला कुठं मिळणार होता? आमचे बब्रुवान सर तर तुझ्या कामावर फिदा आहेत.

तेव्हा तुला सांगितलं होतं बघ. दूर अंतराळातून एखादा जबर कण येतो, वर हवेवर आदळतो, त्याचे लाखो कण होऊन खाली पसरतात. चारही पाट्या एकदम चमकल्या की समजायचं, मोठा पाहुणा आला. काही फुटलेल्या ताऱ्यांकडून येतात, पण सगळ्यांत जबर कुठून येतात ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. तू हसलास, “आपा, येवढा मोठा बार, आन् उडवणाऱ्याचा पत्ताच न्हाय व्हय?”

गेल्या आठवड्यात लावल्या तेव्हापासून तिसरी पाटी एकटीच जास्त मोजू लागली. मिनिटाला दोनशेनं जास्त. मी वायर बदलली, चमक टिपणारी नळी बदलली. काल शेवटी तुझा कागद उतरवून दुसरा काळा कागद गुंडाळला. मोजणी लगेच खाली. तुझा कागद वरून ठेवला, पुन्हा वर.

कागदाच्या आतल्या घडीत पांढरट भुकटी होती. चिमूटभर पेटत्या काडीवर टाकली तर तडतडली. सोरा, फटाक्याच्या दारूतला. सोऱ्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग आपणहून किरण सोडतो, पाटीनं तेच मोजले. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. मला भीती त्यांची नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझे हात भाजले तेव्हा अम्मीच्या डोक्यावर हात ठेवून तू म्हणालास, “आता काम फकस्त गावाबाहेरच्या शेडात. घरात चिमूटभर बी सोरा येनार न्हाय.” हा कागद तू अम्मीच्या खोलीत बसून गुंडाळलास.

आता खरं लिहिते. तिच्या पलंगाखालची चाळणी आणि झाकलेली घमेली मी त्याच दिवशी पाहिली होती. विचारलं असतं तर तू रागानं उठून गेला असतास आणि माझ्या पाट्या तशाच राहिल्या असत्या. म्हणून गप्प बसले. तेव्हापासून इथं साधं दार आपटलं तरी मी अम्मीला फोन लावते.

गुडघ्यामुळं अम्मीचं गुरुवारचं लोबान मिलादच्या आधीपासून बंद होतं. काल फोनवर म्हणाली, “आता बरं वाटतंय गं, या गुरुवारपासून फिरवते पुन्हा.” निखारे घेऊन ती पलंगाखालीसुद्धा धूर घालते, तुला माहीत आहे. मी नको म्हणाले. “का गं?” तिनं विचारलं, आणि मी नुसतं गुडघ्याचं निमित्त सांगितलं; तिला ते पटलं नाही.

शेजारच्या गिरिजाबाई आत्ताच्या एसटीनं तेरखेड्याला निघाल्यात, पत्र त्यांच्या हाती देते आहे. वाचलंस की आधी अम्मीला खोलीतून बाहेर काढ, मग घमेली. उद्या पहिल्या गाडीनं मी येते आहे. पलंगाखाली काही दिसलं तर अम्मीला सगळं सांगेन, तुझंही आणि माझंही. मला फार भीती वाटते आहे, अल्ताफ.

सगळं पाहूनही अम्मीला त्याच पलंगावर झोपवून आलेली,
तुझी आपा
तबस्सुम