लेपाचा दुसरा हात

२ डिसेंबर
संत्री उतरवली. बारा टोपल्या. ह्यांना जाऊन पोळ्याला वर्ष झालं आणि झाडांना खरा बहर आता आला. बघायला ते नाहीत. धानाच्या गावात संत्री लावली म्हणून सगळे हसले होते.
धाकटे भाऊजी आज सरळच बोलले. "वहिनी, वरची धानाची बांधी अडकून राहिली. धान कराचं सोडून झाडायचे लाड कायले?" ठरलं असं की संक्रांतीपर्यंत फळं टिकली तर झाडं राहतील. नाहीतर आरा लावून मुळापासून कापायची.
आत्ता संत्र्याला कुणी विचारत नाही, भाव चढतो तो संक्रांतीला. टिकवणं भाग आहे.

४ डिसें.
फळं टिकवण्याच्या प्रशिक्षणाला गेले होते, तिथली वही काढली. तांदळाची पातळ पेज, कोरफडीचा गर, थोडं तीळतेल. शिकवणाऱ्या बाईंनी तीनतीनदा सांगितलं होतं: तोडलेलं फळही श्वास घेतं, लेप पातळ आणि एकदाच, जाड झाला की आतून गुदमरतं. खाली लाल शाईची रेघ. माझीच.
नमुन्याची एक टोपली करून स्वैपाकघरात फडताळावर ठेवली. बरं जमलंय.

५ डिसें.
सासूबाई आल्या! ह्यांच्यानंतर खाटेवरून उठून अंगणात यायच्या नाहीत, आज आपण होऊन पेजेच्या पातेल्यापाशी बसल्या. हात झरझर चालले. अकरा टोपल्या दुपारपर्यंत.
मी चहा ठेवायला आत गेले, येऊन पाहते तर वाळलेल्या फळांवर पुन्हा लेप. म्हटलं, "माय, एकदाच लावाचा आहे." तर म्हणाल्या, "भितीले छुई एका हातानं बसते का वो? दुसरा हात द्याच लागते. पोराचे फळं होत माझ्या." दर दिवाळीला पांढऱ्या मातीनं भिंती सारवणारे हात ते.
फळं चकाकत होती. त्या हसत होत्या. मी थांबवलं नाही. अकराही टोपल्यांना दुसरा हात बसला.

१९ डिसें.
थंडी चांगली. कोठीत फळं अजून तशीच तुकतुकीत. सासूबाई रोज जाऊन हात फिरवतात. आता जेवतातही दोन वेळ. कदाचित बाईंनी उगाच घाबरवलं असेल.

६ जाने.
कोठीत वास. दारूसाठी भिजत घातलेल्या मोहाच्या सड्यासारखा, आंबूस. टोपल्या हुंगल्या, कळेना कुठून. फोडून बघायचा धीर झाला नाही.
भाऊजींनी विचारलं, "टिकून राहिले का?" म्हटलं, टिकलेत. दिसायला तर टिकलेत.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ तोंडात असतानाच भाऊजी कोठीत गेले. एक संत्रं फोडलं, थुंकले. दुसरं. पाचवं. सगळी वरून नवरीसारखी, आत आंबलेली.
"काऊन वहिनी, हे काय करून ठेवलं?"
म्हटलं, माझं प्रमाण चुकलं. पेज जाड झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. "आता माह्या पोराचं काईच नाई रायत," एवढंच बोलल्या आणि पुन्हा खाटेवर.
परवा आरावाला येणार.
राग सासूबाईंचा नाही. आहे. थोडा आहे. स्वतःचा जास्त. मला माहीत होतं.

१५ जाने., सकाळ
फडताळावरची टोपली! या गडबडीत विसरलेच होते. एक फोडलं. गोड. दुसरंही. साल जरा सुरकुतलेली, आत रस. एका हाताची टोपली, तीच पेज, तीच कोरफड. टिकलं. संत्री इथेही जमतील, हे ह्यांचं म्हणणं खरं होतं.
आत्ताच्या आत्ता भाऊजींकडे पळावंसं वाटलं. टोपली दाखवली तर ते आरावाल्याला थांबवतीलही. पण पहिला प्रश्न हाच विचारतील, मग बाकीच्या अकरांना काय झालं? आणि पेज जाड झाली हे आता चालायचं नाही. पेज एकच होती.
दुसरा हात मीच द्यायला लावला म्हणेन. भाऊजी मानतील. सासूबाई कशा मानतील? त्यांना ठाऊक आहे मी नको म्हणाले होते.

१५, दुपार
टोपली पदराखाली घेऊन भाऊजींकडे निघाले होते. सासूबाई मागे कधी आल्या कळलं नाही. हात घालून एक संत्रं काढलं, सोललं, एक फोड तोंडात टाकली. किती वेळ चघळत राहिल्या.
"गोड हाय," म्हणाल्या. मग फळ उलटंपालटं करून सालीवर अंगठा फिरवला.
"इले एकच हात हाय ना वो?"
समोर बसल्या आहेत. टोपली पदराबाहेर काढून दोघींच्या मध्ये ठेवली आहे. आरावाला उद्या सकाळी येतो.