२०२५ पर्यंत उघडू नये

१७ सप्टेंबर २०१५, गुरुवार
लॉट २१४ आपला! २००५ची बोर्डो वाइन, चार बाटल्या. लिलाव लंडनचा, बोली ओमानमधल्या अल हैलच्या आमच्या फ्लॅटमधून, मोबाइलवर.

आज गणपती बसले. लिलाव नेमका आरतीच्या वेळेला आला, त्याला मी काय करणार? डाव्या हातात घंटा, उजव्यात फोन. कोणी ‘बिडर ५५’ माझ्याशी ईर्ष्येला पेटला होता. तो ३६० पाउंड, मी ३८०. तो ४००, मी ४२०. शेवटी तो गार पडला आणि मी ‘मोरया’ अशी आरोळी ठोकली की लेक रेवा दचकली. तेवढ्यात निरांजन विझलं. बायकोने, मंगलाने, ते पुन्हा लावलं. एसीचा झोत थेट निरांजनावर येतो. अपशकुन वगैरे मी मानत नाही.

कॅटलॉगमधलं वाक्य उतरवून ठेवतो: २०२५ पर्यंत उघडू नये, २०४० पर्यंत उत्तम. पेशन्सवाल्यांचं काम आहे हे. मंगलाने विचारलं, आपला व्हिसा किती वर्षांचा असतो? दोन. पण तो रिन्यू होतो! अकरा वर्षं होतोय. हिला लाँग टर्म म्हणून काही दिसत नाही.

४ ऑक्टोबर
ऑफिसमधलं कॉफी मशीन काढून नेलं. तेलाचा भाव पडलाय म्हणे. पार्किंगमध्ये हल्ली सावलीत जागा मिळते. दर गुरुवारी कोणाचा तरी निरोपाचा केक. सप्टेंबरात चार झाले. संकल्प: यापुढे एकच तुकडा.

स्टोअररूममधून मंगलाच्या लोणच्याच्या बरण्या हलवल्या. तिथे सेकंडहँड विंडो एसी बसवला, थर्मामीटर टांगला. १४ डिग्री. मंगला म्हणाली, आमचं लोणचं बिचारं बिनएसीचं मुरतं.

२५ डिसेंबर
मंगलाचा भाऊ कौशिक आणि त्याची बायको विशाखा लंडनहून बाटल्या घेऊन आले. माणशी दोन. विमानाने तेवढंच चालतं.

कौशिक म्हणाला, भावोजी, एक उघडू या की. मी कॅटलॉग दाखवला आणि कोक दिला. मग म्हणाला, तेलाचं ऐकतोय, तुमचं ऑफिस ठीक आहे ना? मी म्हटलं, अरे, प्लॅनिंग मॅनेजरशिवाय कंपनी चालते का? विशाखाने मंगलाकडे पाहिलं. मंगलाने ताटाकडे.

७ जानेवारी २०१६, गुरुवार
एचआरच्या हसनने बोलावून पाकीट दिलं. पांढरं, बंद. सही घेतली. एरवी हा माणूस गप्पा मारून तासभर सोडत नाही. आज चहासुद्धा नाही. नुसतं म्हणाला, रमणभाई, घर जाके आराम से पढ़ना. अल्ला करीम.

इन्क्रिमेंट! कदाचित प्रमोशनही. पोटात एकदम खड्डा पडला, पण ते उपाशी होतो म्हणून.

गाडीत बसून विचार केला. मिळालं पाकीट की फाड, हे उतावळ्या माणसाचं लक्षण. चांगली गोष्ट मुरू द्यावी. पाडव्याला उघडणार, मुहूर्तावर. तोवर पाकीट बाटल्यांशेजारी, १४ डिग्रीत.

१० जानेवारी
आमचा स्टोअरकीपर धनंजय, देवगडचा. त्यालाही पाकीट मिळालं. त्याने तिथल्या तिथे फाडलं आणि काल सोहारच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन अकरा ठिकाणी बायोडेटा देऊन आला. आज माझ्या केबिनच्या दारात उभा. म्हणाला, सायबानू, फोडून तरी बघा. माका गावलो तोच कागद तुमका गावलो असतलो.

मी म्हटलं, बाबा रे, तुझी ग्रेड वेगळी, माझी वेगळी.

तो म्हणाला, पाकिटांचो बॉक्स स्टोअरातसून मियाच दिलंय. चाळीस होती.

चाळीस जणांना इन्क्रिमेंट? म्हणजे तेल सुधारतंय.

१९ जानेवारी
जेवण जात नाही. ॲसिडिटी. संकल्प: चहा बंद.
आज थर्मामीटर बघायला स्टोअररूममध्ये गेलो होतो. हात पाकिटापर्यंत गेला आणि परत आला. १४ डिग्री म्हणजे काही कमी थंडी नाही.

३ फेब्रुवारी
पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर पिवळा डाग दिसला, बोटाएवढा. कागद जुना झाला की पिवळा पडतोच. मुरतंय.

ऑफिसात एका नव्या ओमानी इंजिनिअरला माझं सगळं काम शिकवायला सांगितलंय. सक्सेशन प्लॅनिंग. वर जाणाऱ्याने खालची जागा रिकामी करून द्यावीच लागते. दारूचं परमिट रिन्यू करायला कंपनीचं पत्र हवं, म्हणून हसनकडे गेलो. माझ्याकडे न बघता म्हणाला, अब परमिट का क्या करोगे, रमणभाई? धार्मिक माणूस आहे. समजून घेतलं.

२२ फेब्रुवारी
मंगलाला मिनिमलिझमचा नाद लागलाय. सोफा विकला. वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावरच्या अमीरुन्निसाने नेलं. तांदूळ हल्ली दोन-दोन किलो आणते. माझा पासपोर्ट मागितला, दिला. हॉलमध्ये बोललं की आवाज घुमतो. त्याने मोकळं वाटायला हवं, वाटत नाही.

रेवाची दहावीची परीक्षा तोंडावर आणि हिचे प्रश्न भलतेच. बाबा, पुण्यात इलेव्हन्थला मराठी कम्पल्सरी असते... असतं का? मी म्हटलं, तुला काय करायचंय? तिने आईकडे बघितलं. या घरात हल्ली सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही.

१७ मार्च
आजच्या गुरुवारी केक नव्हता. निरोप द्यायला माणसंच फार उरली नाहीत. थर्मामीटर १४. ती एक गोष्ट तरी माझ्या प्लॅनप्रमाणे चालू आहे.

७ एप्रिल, गुरुवार
आज केक होता आणि त्यावर माझं नाव! ‘ऑल द बेस्ट, रमण’. पाकिटातली बातमी फुटलेली दिसते. लॅपटॉप जमा करून घेतला, नवा देणार असतील. गेटवर कार्डही ठेवून घेतलं. हसनने मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याचे डोळे ओले होते.
दोन तुकडे खाल्ले. उद्या पाडवा.

८ एप्रिल, शुक्रवार, पाडवा
गॅलरीत छोटी गुढी उभारली. मंगलाने गल्लीतल्या झाडाचा कडुलिंब आणून गूळ घालून वाटला. मग पाकीट आणलं. कड फाडावी लागली नाही, आपोआप सुटली. कडेत वाळलेली कणीक होती. पिवळा डाग हळदीचा.

पत्रावर तारीख ७ जानेवारी. करारानुसार तीन महिन्यांची नोटीस. कामाचा शेवटचा दिवस ७ एप्रिल. म्हणजे काल.

मंगलाने ते ८ जानेवारीलाच वाफेवर उघडून वाचलं होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, रोज वाटायचं, आज तरी उघडतील. तुम्ही पाकीट हातात घेऊन परत ठेवताना मी तीनदा पाहिलं, अहो. मग म्हटलं, घरातल्या एकाने तरी तयारीला लागावं.

मंगळवारची तिकिटं आहेत. रेवासाठी पुण्यात कॉलेज बघून झालंय. बॅगा पलंगाखाली होत्या, भरलेल्या. तीन महिने मी त्यांच्यावर झोपत होतो.

एक बाटली उघडली. कॉर्कस्क्रू पॅक झालेला, म्हणून स्क्रूड्रायव्हरने बूच आत ढकललं. ग्लास विकलेले, म्हणून स्टीलच्या वाट्या. भयंकर तुरट. पत्र तीन महिने उशिरा उघडलं आणि बाटली नऊ वर्षं लवकर. मंगलाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, यापेक्षा कडुलिंब बरा. उरलेल्या तिन्हींना तिने बॅगेत जागा ठेवली आहे, माझ्या स्वेटरांमध्ये. मला ते बघवेना.

दुपारी अमीरुन्निसाचा नवरा येऊन स्टोअररूमचा एसी काढून घेऊन गेला. भिंतीला चौकोनी भोक पडलंय, त्यातून गरम वारा येतोय. थर्मामीटर तिथेच आहे. आत्ता ३३.

एक दुरुस्ती. ७ जानेवारीला मी उपाशी नव्हतो. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बिर्याणी होती आणि मी दोनदा घेतली होती.