मार्लेनीच्या वर्गातली ताई

किटो, ४ मे १९८६

ती. एदेल्मिराताईस,
निल्दाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. रोसाउरामावशीकडून कळलं, की तू चर्चच्या प्रौढवर्गात जातेस, प्राथमिकच्या परीक्षेला बसणार आहेस आणि चोवीस वर्षांच्या कुणा मार्लेनीला ‘बाई’ म्हणतेस. आनंद झाला, असं लिहायला हवं. झाला नाही. बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला त्रिकोण शिकवणार ती पोरगी! ईस्टरला मी आले तेव्हा तू घाईघाईने वही कापडाखाली सारलीस, ती याच वर्गाची ना? त्या वहीत असं काय आहे, ते तरी कळव.

लोभ आहेच, सध्या जरा आंबलाय.
निल्दा

रिओबांबा, ११ मे

चि. निल्दास अनेक आशीर्वाद.

वही लपवली, खरं आहे. तीत एक गणित होतं. कापड धुतल्यावर शेकडा पाच आटतं. धुऊन तीन मीटर उरायला किती घ्यावं? मी तीन मीटर पंधरा सेंटिमीटर लिहिलं. आटणं घेतलेल्या कापडावर धरायचं, मी उरलेल्यावर धरलं. तीस वर्षं कापड बेततेय, तरी चुकले. मार्लेनीसमोर चुकायची लाज वाटत नाही. तुझ्यासमोर वाटते.

तू शिकायला किटोच्या बसमध्ये चढलीस, तेव्हा तुझा गणवेश मीच शिवला होता. काजं करताना बोटं टोचली, त्यात सगळा दोष सुईचा नव्हता. इतका हेवा मी कुणाचाच केला नाही. आता थोडा तू कर.

परीक्षा शनिवारी, सतराला. तब्येतीला जप, रागालाही.
एदेल्मिरा

किटो, १८ मे

ती. ताईस सा. न.

काल मी रिओबांबाला आले होते. तुझ्यासाठी कंपासपेटी घेतली होती. परीक्षा होती त्या शाळेच्या फाटकासमोर मक्याच्या गाडीआड उभी राहिले. एका पोरीने, मार्लेनीच असणार, तुझी कॉलर सारखी केली, पेन्सिलीला टोक करून दिलं, आणि तू लहान मुलीसारखी हसलीस. मला पाहून ते हसू जाईल असं वाटलं. परतीची बस धरली.

चार तास नुसती जळत होते. मग आठवलं, माझ्या पहिल्याच सुट्टीत तू मला त्रिकोणाचं काहीतरी विचारलं होतंस. मी हसले होते.

रागावली असलीस तरी पत्र टाक.
निल्दा

रिओबांबा, १ जून

चि. निल्दास आशीर्वाद.

पास झाले. वीसपैकी सतरा. पेटी पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. बटाट्याचं सूप करते.

ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे मार्लेनीने तीनदा सांगितलं, डोक्यात शिरत नाही. शेवटी मी तिला म्हटलं, “राहू दे, आता बहिणीलाच विचारते.” पोरीचं तोंड एवढंसं झालं. तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम लिहिते.

तुझी वाट पाहणारी,
एदेल्मिरा