सहाचा घाट, सातची सपाटी

मामा, तुमची नात काल सकाळच्या बसनं पुण्याला परत गेली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटात होती. आता वीस वर्षांची आहे, आणि तिची बोटं तुमच्यासारखीच लांब, टोकाला चपटी आहेत. ती पुन्हा कॉलेजला जाईल असं दिवाळीनंतर मला वाटलं नव्हतं. कशी गेली ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण त्यात तुमचाही हात आहे. तुमचे चिरंजीव कामावर गेलेत, घरात कुणी नाही, म्हणून शाळेच्या ऑफिसातले पाठकोरे कागद घेऊन बसले आहे.

बेंबळीहून लग्न होऊन नळदुर्गला आले तेव्हा सासऱ्यांना मामा म्हणायची रीत होती, म्हणून मीही म्हणू लागले. हायवेला ढाब्याच्या बाजूला तुमची पत्र्याची शेड. ट्रकचे गिअरबॉक्स उतरवायचे, खोलायचे, बसवायचे, एवढंच काम तुम्ही आयुष्यभर केलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ड्रायव्हर, कुणी कानडी, कुणी तेलुगू, सगळे तुम्हाला उस्ताद म्हणायचे. पण मी आले तोवर साखरेनं तुमचे डोळे बरेचसे नेले होते. बोटांनी काम चालायचं, आवाजावरून दोष सांगायचात, पण बारीक चीर बोटाला लागत नाही. एक दिवस मी डबा घेऊन आले. तुमचा हाताखालचा माणूस लग्नाला गेला होता आणि एक ड्रायव्हर तावातावानं बोलत उभा होता. त्यानं दुसरीकडं कुठंतरी मागच्या धुऱ्यातली गिअरची जोडी बदलून घेतली होती आणि तेव्हापासून त्याची गाडी सपाटीला पळत नव्हती. तुम्ही खाली बसून त्यातल्या लहान गिअरवर बोट फिरवताय.

"पोरी, हिकडं ये. ह्या बारक्याचं दात मोज."

मी पदर सावरत वाकले. "सहा."

"एका दाताला खडूनं खूण कर आन् मग मोज."

"सहाच हायत, मामा. आन् मोठ्याला एक्केचाळीस."

तुम्ही ड्रायव्हरकडं वळलात. "तुझ्या गाडीला सातचा होता, ह्यांनी सहाचा घातलाय. सहाचा घाट चढतो, सपाटीला पळत न्हाय. सातचा सपाटीला पळतो, घाटात रडतो. इंजिनात काय बी दोष न्हाय."

तो गेल्यावर मी भाकरी वाढता वाढता विचारलं, एका दातानं एवढा फरक कसा पडतो. तुम्ही म्हणालात, मोठं चाक एकदा फिरायला बारक्याला किती वेळा फिरावं लागतं ते बघ. मी बारावी झाले होते, मनातल्या मनात भागाकार केला. एक्केचाळीस भागिले सहा, पावणेसातच्या थोडं वर. सातनं भागलं तर सहाच्याही आत. मी ते मोठ्यानं म्हटलं आणि तुम्ही जेवायचे थांबलात. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक उरकला की मी शेडवर. लोक काय म्हणतील असं सासूबाईंनी एकदा विचारून बघितलं. "लोकांचं गिअरबॉक्स बी आपल्याकडंच येत्यात," तुम्ही म्हणालात, आणि विषय संपला.

दोन वर्षं मी तुमचे डोळे झाले. गिअर रॉकेलमध्ये धुवायचे, उन्हात धरायचे, एकेक दात बघून सांगायचं. आणि त्यात एकदा मी खोटं बोलले. पंचमीला माहेरी जायचं होतं, भाऊ न्यायला येऊन बसला होता. शेवटचा गिअर मी धुतलाच नाही. "चांगलं हाय" म्हणाले आणि तुम्ही माझ्या शब्दावर गिअरबॉक्स बंद केला. चार दिवसांनी परत आले तर तोच ट्रक शेडसमोर. तुळजापूरच्या घाटात मी न धुतलेला तोच, तिसरा गिअर सुटला होता, ड्रायव्हरनं हँडब्रेकवर गाडी धरली आणि क्लीनरनं उडी मारून चाकाखाली दगड लावले म्हणून दोघं वाचले. चारचौघांत तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ट्रक गेल्यावर म्हणालात, "डोळं माझं गेलं, तुझं हायत. बघितलं न्हाय तर न्हाय म्हण. म्या थांबंन, ट्रक बी थांबंल. पर न बघता चांगलं हाय म्हणू नगंस." आवाज चढलेला नव्हता. मी घरी जाऊन लई रडले आणि दोन दिवस शेडकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही सासूबाईंच्या हाती खाकी शर्ट पाठवलात, शिंप्याकडून माझ्या मापाचा शिवून घेतलेला, पुढं दोन मोठे खिसे. साडीवर घालायला. माप त्यांनी माझ्या झंपरावरून दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

तुम्ही गेलात, मग रस्ता रुंद झाला, शेड गेली. आम्ही धाराशिवला आलो. मला शाळेच्या ऑफिसात काम लागलं. इथं कुणी मला गिअरबद्दल विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पोरीलासुद्धा. तिनं आपल्या मनानंच मेकॅनिकल घेतलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं, पण तेवढंच. दुसऱ्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. कुणाकडून तरी जुनं घेतलेलं खेळातलं स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं, पायाशी पेडल, पडद्यावर मोटारींची शर्यत. तिचे वडील ओरडले, मग समजावून सांगितलं, मग गप्प झाले. जेवायला हाक मारली की यायची, खाली मान घालून जेवायची. असे दोन महिने गेले.

त्या रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. आतून गाडीचा आवाज येतोय. एका जागी इंजिन वर चढतं आणि तिथंच अडकून किंचाळत राहतं. प्रत्येक फेरीला त्याच ठिकाणी. मी पिठाच्या हातानं दारात जाऊन उभी राहिले.

"शेवटचा गिअर आखूड पडतोय तुझा," मी म्हटलं. "रस्ता उरतोय आणि गाडी संपतीय."

तिनं गाडी थांबवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुला काय माहीत?"

"ऐकू येतंय की. बदलता येत नाही का ह्यात?"

बदलता येत होतं. तिनं एक पान उघडून दाखवलं. मामा, सगळा गिअरबॉक्स आकड्यांत मांडलेला. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत एकेक आकडा आणि खाली मागच्या धुऱ्याचा. ती म्हणाली, मागं मी हा खालचाच कमी करून बघितला होता, तेव्हा सरळ रस्त्यावर पळायची, पण चढाच्या वळणातून निघताना दम सोडायची, म्हणून परत होता तसा केला. मला हसू आलं. सातचा घाटात रडतो. मी म्हटलं, "सगळ्यांना एका दावणीला कशाला बांधतेस? धुरा होता तसा ठेव. सहावा तेवढा लांब कर, आणि चौथा, पाचवा त्याच्याकडं सरकव. पायऱ्या वर जाताना जवळ जवळ पाहिजेत, नाहीतर गिअर टाकल्यावर इंजिनाचा वेग खाली पडतो." तिनं आकडे बदलले, फेरी मारली. पाचवा अजून आखूड होता. पुन्हा बदलले. मी कॅलेंडरच्या मागं कुठल्या गिअरला किती वेग ते लिहीत गेले. तव्यावरची भाकरी जळाली. दुपारपर्यंत तिची फेरी जेमतेम एका सेकंदानं कमी झाली होती आणि ती म्हणाली, आई, एक सेकंद म्हणजे खूप असतं. मग तिनं विचारलं, हे तू कुठं शिकलीस. मी शेडबद्दल सांगितलं, सहा दातांचं सांगितलं, पंचमीचंही सांगितलं. ते सांगताना थांबायला झालं, पण सांगितलं. तिनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मीही तेच केलंय. काही येत नव्हतं तरी फोनवर सगळं चांगलं आहे म्हणत राहिले."

पुढच्या रविवारी दुपारी त्यांची शर्यत होती, गावोगावची सोळा पोरं आपापल्या घरून खेळणारी. ही एरवी अकरावी-बारावी यायची. मी शेजारी खुर्ची टाकून बसले. चढाच्या वळणात तिचा हात खालच्या गिअरकडं गेला आणि मागं आला. तिनं तिसराच धरून ठेवला. गाडीनं दम सोडला नाही. तिथंच तिनं दोघांना मागं टाकलं. शेवटी चौथी आली. तिच्या हेडफोनमधून कुणीतरी विचारलेलं मलाही ऐकू आलं, सेटिंग कुणाकडून करून घेतलीस. ती म्हणाली, "माझ्या आजोबांकडून. नळदुर्गला गिअरचं काम करायचे." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. पण तिनं राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरले. यंत्रांच्या विषयाचं पुस्तक घेऊन ओट्यापाशी बसायची, मला दातांची गणितं घालायची आणि माझं उत्तर पुस्तकाशी ताडून बघायची. परीक्षेपुरती पुण्याला जाऊन आली. दोन विषय निघाले, एक राहिलाय. तो घेऊनच ती गेली. जाताना वडिलांना म्हणाली, नाही जमलं तर नाही जमलं म्हणून सांगेन. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बॅग उचलून स्टँडपर्यंत गेले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्यामुळं एक गोष्ट लिहून टाकते. दोन वर्षांत मी कितीतरी ट्रकांचे गिअर बघितले, पण ड्रायव्हरच्या सीटवर एकदाही बसले नाही. मला लई वाटायचं, एकदा चालवून बघावा, शेडपासून ढाब्यापर्यंत का होईना. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी बोलले नाही. पोरीनं कॉम्प्युटर इथंच ठेवलाय. आज दुपारी मी पदर खोचला आणि त्या स्टिअरिंगपुढं बसले. दुसऱ्याच वळणाला गाडी भिंतीवर घातली, पाच वेळा. हे लिहून झालं की अजून एकदा बसणार आहे.