शेठच्या शेपटीला हळद

कोपरगाव, ऐन आखाडात

सौ. विहीणबाई रतनबाई यांना चांगुणाचा रामराम. इकडं आमी सगळी बरी हाय. तुमचा गुडघा कसा हाय ते कळवा, तेल लावता का नुसतं कण्हता तेही कळवा (माझं भांडण तुमच्याशी हाय, गुडघ्याशी न्हाई). भाऊंना नमस्कार सांगा. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई. कागद मधे तोंड घालत न्हाई. आमचा गोरक्ष कांद्याचा टेम्पो घेऊन श्रीगोंद्याकडं निघालाय, त्याच्या हाती देते. त्याला चहा पाजा, पण पत्रात काय हाय ते सांगत बसू नका.

तुमची निकिता लग्न होऊन आली ती मांडीवर काचेची बरणी घेऊन. बरणीत निळा मासा. दुकानात त्याला फायटर म्हणतात, शिकलेले बेट्टा म्हणतात, निकिता शेठ म्हणते. आमच्या भावकीनं नवरीबरोबर कपाट आलेलं बघितलंय, शिलाई मशीन बघितलीय, मासा पहिल्यांदाच बघितला. मग पहिला आखाड आला, नव्या सुनेनं सासूचं तोंड बघू नये म्हणून ती तुमच्याकडं आली, आणि शेठ माझ्या गळ्यात पडला. म्हणजे सुनेचं तोंड बघायचं न्हाई आणि तिच्या माशाचं दिवसभर बघत बसायचं. ज्यानं ही चाल काढली त्यानं मासा पाळला नसणार.

ती गेली आणि हवा गार पडली. शेठची शेपूट कडेनं काळी पडून झिरझिरीत व्हायला लागली, जुन्या लुगड्याच्या काठासारखी. (दाणे मी जरा जास्त टाकत हुते, त्यानं पाणी नासलं असंल. पण पाहुण्याला मोजून वाढायची आमच्यात पद्धत न्हाई.) आमच्या मालकांनी चष्मा लावून बघितलं आणि निकाल दिला, करपा हाय. उसाचं पान असो, कांद्याची पात असो, कड काळी पडली की यांना करपा दिसतो. लगेच दुकानातून फवारणीची पुडी घेऊन आले आणि मलाच विचारतात, एका बरणीला किती टाकू. पुडी मी हिसकून घेतली आणि गोठ्यात खुंटीला टांगली. त्या दिवशी यांना अळणी पिठलं मिळालं. तुमच्या जावयाचं तर विचारूच नका. समर्थ बायकोशी फोनवर तासभर गुलुगुलु बोलतो, माशाचं काढलं की म्हणतो, आई, तूच बघ.

म्हणून मी निकिताला फोन लावला. चेहरा दिसणारा फोन लावायचा हुता, म्हणजे तिला शेपूट दाखवता आली असती. मी पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेणार हुते. पण तुमी पडलात आखाडाच्या कैवारी. मोबाईलवर बघितलं तरी बघितलंच म्हणालात आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बसलात. मला नुसता आवाज ऐकू येणार. आणि तुमचा आवाज नि लेकीचा आवाज फोनवर सारखाच, हे तुमाला चांगलं ठाऊक हाय. पलीकडून कोणीतरी म्हणालं, आत्या, चिमूटभर हळद टाका, हळद सगळ्यावर चालते. मला वाटलं शिकलेली पोरगी सांगते तर खरंच असंल. टाकली.

विहीणबाई, बरणीत पिवळाधमक गाळ झाला. शेठ कुठं गेला ते दिसेना. मी हात घालून चाचपत हुते आणि यांना विचारत हुते, मेला का हो, मेला का. निकिताला आता काय तोंड दाखवू? सापडला तेव्हा तो तळाशी आडवा पडला हुता, कल्ले कसेबसे हलत हुते. आणि दुसऱ्या दिवशी तुमीच फोन करून विचारता, काय, पडला का हळदीनं उतार. वर म्हणता, निकिता तेव्हा न्हायला गेल्ती, तुमी अडून बसू नये म्हणून मी सांगितलं. मग सुनेसारखी आत्या म्हणून हाक मारलीत ती कशाला? अशी सोंगं जत्रंत शोभतात, दुसऱ्याच्या जीवावर न्हाई.

त्यानंतर मी शहाणी झाले. फोन उचलला की आधी विचारायचं, माझ्या चहात काय टाकतेस? निकिताच असली तर म्हणते, गवती चहा, आणि साखर तुमी सांगता त्याच्या निम्मी. मग पुढचं बोलणं. (निम्मी साखर टाकते हे मला तेव्हाच कळलं.) तिनं सांगितलं तसं, रात्रभर ठेवून मुरवलेलं स्वच्छ पाणी रोज थोडं थोडं बदलायचं, खडेमीठ अगदी बेतानं विरघळवून टाकायचं, दाणे कमी, आणि बरणी उबेला. बरणी आता स्वयंपाकघरात माझ्या शेजारी हाय. भाकरी थापताना त्याच्याशीच बोलते, दुसरं कोण ऐकतंय.

एवढं करूनही शेठ तसाच हाय. दाण्याला शिवत न्हाई, दाराकडं तोंड करून पडून असतो. आणि तुमी निरोप धाडता, आखाड संपला तरी पंचमी करूनच पाठवते. पंचमी झाली की राखी म्हणाल, राखी झाली की पोळा. माझी सून हाय ती. तुमचा मासा तुमी घेऊन जा, माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. कळावं. राग मानून घ्या, मुद्दाम आणलाय.

आपली,
चांगुणा

ता. क. मासा न्यायला दुसरं कोणी पाठवू नका, देणार न्हाई. निकितानंच यावं, बॅग घेऊन.

ता. क. हे पत्र निकिताला मोठ्यानं वाचून दाखवा. इथून खालचं मात्र तिला दाखवू नका. शेठ ठणठणीत हाय. शेपटीला नवी पारदर्शक कड फुटलीय, दाणे हातातून खातो, आरशात स्वतःशी भांडतो. हे तिला कळलं तर ती पंचमी काय, पोळासुद्धा तिकडंच करंल. तुमी हळदीचं खोटं बोललात, आता एवढं माझ्यासाठी गप्प बसा, म्हणजे फिटंफाट.

ता. क. आखाडाची चाल सुनेला विसावा म्हणून काढली, असं म्हणतात. सासूला घर खायला उठतं, हे कोणी सांगितलं न्हाई. लवकर धाडा हो तिला.